खालचं पंपघर

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं. सकाळी शंकरसिंग साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, नव्या युनिटची सुरक्षा तुझ्याकडे. ते प्रकल्पप्रमुख, मी साधा केमिस्ट. अकरा वर्षं बॉयलरच्या पाण्याचे नमुने तपासत बसलो, आज पहिल्यांदा कोणी नाव घेऊन बोलावलं.

वणीला घरी फोन केला. कहकशांनं विचारलं, "सुरक्षा म्हणजे करायचं काय?"

"काही होऊ द्यायचं नाही."

"मग काही झालं नाही तर तुम्ही काम केलं हे कळणार कसं?"

बायकोला काय समजावणार.

दुपारी राजूरला गावसभा होती. गॅस म्हटलं की लोक हबकतात. मी सांगितलं, आमच्या वीज केंद्राच्या चिमणीतून जो धूर जातो त्यातला थोडा वळवून आम्ही एका मनोऱ्यात नेणार. तिथं वरून औषधी पाणी पावसासारखं पडतं, ते धुरातला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. पाणी तापवलं की तो सुटतो. मग दाबून, गार करून टाकीत भरायचा. टँकर येऊन घेऊन जातील. हवेत जाणारी घाण तेवढी कमी. मग सोड्याची बाटली फोडली, सगळ्यांसमोर प्यायलो आणि म्हणालो, "ज्या गॅसला तुम्ही भिता तो आता माझ्या पोटात आहे." खूप हसले.

एक जण हसला नाही. गोविंदा. आमच्याच केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर होता, आता नव्या युनिटवर ऑपरेटर म्हणून घेतलाय. गावात त्याला मान आहे, विहाराच्या समितीचा सचिव आहे. उभा राहून म्हणाला, "साहेब, बाटलीतला ठीक हाये. टाकी भरल्यावर जास्तीचा कुठी जाते?"

"हवेत."

"हवेत कुठी?"

मी म्हणालो, "हवा खूप मोठी आहे, गोविंदाभाऊ." तेव्हा तोही हसला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

तपासणीचा तक्ता भरला. चौसष्ट मुद्दे. टाकीच्या मागे उतार आहे, उताराच्या तळाशी खालचं पंपघर. दहा पायऱ्या उतरून जायचं, जमिनीत खणलेली खोलीच ती. कॉम्प्रेसरमधून निथळणारं पाणी तिथं साचतं, ते पंपानं वर फेकायचं. गॅस मोजायची हातातली यंत्रं दोनच आली आहेत. एक तपासणीला बाहेर गेलंय, दुसरं टाकीजवळ टांगलंय. पंपघरासाठी तिसरं मागवायचं तर स्टोअरवाले म्हणतात दोन महिने. खाली टाकी नाही, कॉम्प्रेसर नाही, फक्त पाणी. त्या मुद्द्यासमोर 'लागू नाही' लिहिलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

चाचणी चालू झाली, आणि चालली! गोविंदाच्या हाताला सफाई आहे. एकदा दाखवलेला व्हॉल्व्ह पुन्हा दाखवावा लागत नाही.

अडचण टँकरची. करार झाला नाही म्हणून ते येत नाहीत. टाकी भरली की जास्तीचा वायू आडव्या नळीतून उभ्या पाइपनं वर सोडतो. तो इतका थंड असतो की पाइपच्या तोंडाशी मोठा पांढरा ढग उठतो. शंकरसिंग साहेब बघून वैतागले. दहा तारखेला उद्घाटन आहे, दिल्लीचे पाहुणे, टीव्हीवाले. "धूर पकडायचा कारखाना आणि मागे धूर! फोटोत काय दिसेल?"

मी रात्रीपर्यंत थांबलो नाही, जेवणाच्या सुट्टीतच कागदावर आकृती काढली. पाइपला कोपर लावून तोंड खाली आणि मागच्या उताराकडे वळवायचं. ढग टाकीच्या आड जमिनीलगत राहील, मंडपातून दिसणार नाही. साहेबांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, "अब्रार, तू केमिस्ट नहीं, इंजिनियर होना मांगता था."

२ डिसेंबर, सोमवार

कोपर बसलं. मंडपाच्या जागेवरून पाहिलं, काहीच दिसत नाही. पांढरा वायू उतारावरून दुधासारखा घरंगळत जातो आणि खाली नाहीसा होतो. मोबाइलवर व्हिडिओ काढून कहकशांला दाखवला. सुंदर आहे म्हणाली.

४ डिसेंबर, बुधवार

थंडी कडक. सकाळी वारा अजिबात नसतो, पान हलत नाही.

गोविंदा शिफ्ट संपल्यावर आला. "साहेब, डोकं लय दुखून राह्यलं दोन दिवसापासून. खाली गेलं का छाती भरून येते. हवा भारी वाटते तिथं."

"डोळे तपासा. चाळिशी आली."

"चष्म्याचं नाही साहेब. वरती आलं का उतरते."

मी म्हणालो, उद्घाटन होऊ द्या, मग बघू. मला वाटतं त्याला पंपघर आवडत नाही. पट्ट्यावर चार माणसांत असायचा, इथं एकटा बसावं लागतं.

६ डिसेंबर, शुक्रवार

महापरिनिर्वाण दिनाचा राजूरच्या विहारात कार्यक्रम होता. गोविंदानं आग्रहानं बोलावलं होतं म्हणून गेलो. त्याची बायको प्रभावती पांढरी साडी नेसून दारात उभी होती, "जय भीम, या भाऊ" म्हणाली. मुलगी साधना बारावीला आहे, तिनं बाबासाहेबांवर चांगलं भाषण केलं.

गोविंदा शिफ्टवरून थेट आला. उशीर झाला होता. पंचशील तोच म्हणायचा दरवर्षी. पाचवं शील आलं, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं, आणि तो मध्येच थांबला. डोकं धरलं. बाहेर गेला आणि अंगणात भडाभडा ओकला. परत आला तेव्हा डोळे लाल, चेहरा लाल. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रभावती त्याला पाणी द्यायला गेली, तेव्हा मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "आजच्या दिवशी तरी..."

मला फार वाईट वाटलं. मी आयुष्यात दारूला शिवलो नाही, अब्बांनी आर्णीत गॅरेज चालवलं पण एकाही पिणाऱ्या मेकॅनिकला ठेवलं नाही. पण वाईट वाटणं वेगळं आणि युनिटची सुरक्षा वेगळी.

९ डिसेंबर, सोमवार

जे करावं लागलं ते लिहून ठेवतो.

सकाळी अकराला गोविंदा पंपघरातून वर आला आणि झोकांडी जाऊन कठड्यावर आपटला. मी समोरच होतो. बोलताना शब्द एकमेकांत अडकत होते. मी त्याला बाजूला घेतलं.

"गोविंदाभाऊ, खरं सांगा. घेतली का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काय म्हणून राह्यले साहेब तुमी?"

"विहारातही सगळ्यांनी पाहिलं."

"सगळ्यायनं पाह्यलं म्हून मी पेलो? मी तुमाले चार तारखेले सांगतलं का नाई, खाली गेलं का असं होते?" तो जवळ आला, अगदी तोंडाशी तोंड. "घ्या. माह्या तोंडाचा वास घ्या. अब्बी घ्या."

चार जण बघत होते. मला लाज वाटली. मी मागे सरलो.

"घ्या ना साहेब! काहून सरकता?"

मी म्हणालो, तमाशा करू नका. आणि केबिनमध्ये जाऊन अहवाल लिहिला. 'कर्मचारी नशेत असल्यासारखा आढळला. चालण्यात व बोलण्यात तोल नाही. डोळे व चेहरा लाल.' जे पाहिलं तेच लिहिलं, एक शब्द जास्त नाही.

शंकरसिंग साहेब म्हणाले, उद्या गोंधळ नको, निलंबन नंतर करू. पण पाहुण्यांच्या नजरेस पडायला नको, कुठंतरी बसव. मी म्हणालो, खालच्या पंपघरात कोणी फिरकत नाही.

घरी कहकशां म्हणाली, "वास घ्यायला काय झालं होतं तुम्हाला?" मी जेवण अर्धं टाकून उठलो.

१३ डिसेंबर, शुक्रवार

तीन दिवस हात चालला नाही. क्रमानं लिहितो.

दहा तारखेला सकाळी नऊला मी स्वतः गोविंदाला सांगितलं, पाहुणे जाईपर्यंत वर यायचं नाही. तो डबा घेऊन पायऱ्या उतरला. सहाव्या पायरीवर थांबून वर बघितलं. मला वाटलं रागानं बघतोय.

कार्यक्रम चांगला झाला. टाकी काठोकाठ भरून ठेवली होती, काट्यावर आकडा मोठा दिसावा म्हणून. वायू सारखा बाहेर पडत होता, आणि मंडपातून त्याचा मागमूस दिसला नाही. पाहुण्यांनी विचारलं, सुरक्षा कोण बघतं? साहेबांनी मला पुढं केलं. फोटो निघाला.

साडेबाराला फिटर रामराव मंडपाच्या मागून हात हलवत आला. "साहेब, गोविंदा आवाज देऊन नाई राह्यला. मी पाच-सहा पायऱ्या उतरलो तं माहे पायच गेले. कसातरी वर आलो." मी शंकरसिंग साहेबांच्या कानात सांगितलं. ते पाहुण्यांकडे बघून हसत होते, हसू तसंच ठेवून म्हणाले, "पंधरा मिनिट. गाड्या गेटबाहेर जाऊ दे. सायरन वाजवायचा नाही."

"साहेब, माणूस खाली..."

"पिऊन झोपला असेल. तूच लिहिलंयस ना?"

मी थांबलो. खरंच वाटलं की झोपला असेल. एकेक गाडी निघत होती. एका पाहुण्याची शाल मंडपात राहिली, ती आणायला माणूस पळाला, त्यात आणखी वेळ गेला.

मग हवेचा पाइप खाली सोडला, दोर बांधून रामराव आणि आणखी एक जण उतरले. गोविंदा चौथ्या पायरीवर पालथा पडला होता, तळापासून चौथ्या. म्हणजे तो वर यायला निघाला होता. चेहरा गुलाबी होता, झोपेतल्यासारखा. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी बघितली आणि हात लगेच सोडला.

कोणीतरी निरोप दिला असावा, प्रभावती दवाखान्यात आधीच उभी होती. मला बघून म्हणाली, "भाऊ, आज त्यायचा सत्कार होता ना? मले म्हणत होते, नव्या प्लँटचा मोठा कार्यक्रम हाये." त्यानं घरी काहीच सांगितलं नव्हतं.

१६ डिसेंबर, सोमवार

पोलिसांना जबाब दिला. त्यांच्यासमोर माझा नऊ तारखेचा अहवाल होता. विचारलं, हा तुमचाच? हो. सही तुमचीच? हो. आदल्या दिवशी नशेत दिसला? असल्यासारखा, मी म्हणालो. लिहिणाऱ्यानं 'नशेत दिसला' एवढंच लिहिलं. मी दुरुस्त करायला सांगणार होतो, पण तोवर पान उलटलं होतं.

विहारातल्याही दोघांचे जबाब झाले. सहा तारखेला ओकला होता, हे त्यांनी सांगितलं.

तोल जाऊन पायऱ्यांवर पडला, डोक्याला मार लागला, असं ठरतंय. व्हिसेरा तपासायला पाठवलाय. त्याला वर्षही लागतं म्हणतात.

२१ डिसेंबर, शनिवार

काल पोलिसांनी पंपघराचं कुलूप काढलं. आज सकाळी सातला मी एकटाच गेलो. गवतावर दव होतं, वारा नव्हता. उताराच्या कडेला दोन सातभाई पक्षी मरून पडले होते. टाकीजवळचं यंत्र काढलं, सुतळी बांधली आणि पंपघरात सोडलं.

तिसऱ्या पायरीपर्यंत काही नाही. पाचव्याला ओरडायला लागलं. तळाशी आकडा पाच टक्क्यांवर जाऊन थांबला. ते यंत्र त्याच्या पुढं मोजतच नाही.

हवेपेक्षा दीडपट जड असतो हा वायू. थंड असला तर आणखी जड. खोल जागा दिसली की पाण्यासारखा उतरतो. डोकेदुखी, लाल चेहरा, ओकारी, तोल जाणं, शब्द अडखळणं, मग झोप. एम.एस्सी.ला हे सगळं मी पाठ केलं होतं. त्यात एक वाक्य होतं, बाधित माणूस नशेत असल्यासारखा दिसतो. 'असल्यासारखा'. माझ्या अहवालातला शब्द मी तिथूनच उचलला होता की काय, देव जाणे.

यंत्र वर ओढून तसाच शंकरसिंग साहेबांकडे गेलो. आकडा दाखवला. त्यांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "बैठो. पाइपचं तोंड वळवायची कल्पना कोणाची?"

"साहेब, तुम्ही म्हणालात ढग दिसू नये."

"मी ढग म्हणालो. पाइप कोण म्हणालं?"

मी यंत्राची सुतळी गुंडाळायला लागलो.

"तक्त्यात 'लागू नाही' कोणी लिहिलं? त्याला खाली कोणी बसवलं? तो पितो हे कागदावर कोणी आणलं?" आवाज अजिबात चढला नव्हता. उलट पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "मी तुला अडवत नाही, अब्रार. जा, पोलिसांना सांग. फक्त सगळं सांग. अर्धं नको."

यंत्र मी परत टाकीजवळ टांगलं.

२४ डिसेंबर, मंगळवार

कोपर काढलं, पाइप सरळ केला, आणखी उंच केला. पंपघरात कायमचं यंत्र बसवायची मागणी मंजूर झाली, चार दिवसांत येतंय. नोंदवहीत 'नियमित सुधारणा' लिहिलं. आता तिथं कोणी मरणार नाही. एवढं मी केलं.

कहकशांला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "त्याच्या बायकोला कधी सांगणार?"

२ जानेवारी २०२५, गुरुवार

कंपनीनं प्रभावतीला कँटीनमध्ये कायम नोकरी द्यायचं ठरवलं. माणुसकी म्हणून. त्याआधी तिनं एका कागदावर सही करायची: पती मद्यपान करीत असत, मृत्यूस कंपनी जबाबदार नाही, पुढे तक्रार करणार नाही. तो कागद घेऊन मला पाठवलं. ओळखीचा माणूस गेला तर बरं, साहेब म्हणाले.

साधनानं कागद वाचून दाखवला. 'मद्यपान' शब्दाशी ती अडली. "आई, सही नको करू. बाबा पेतच नव्हते."

प्रभावती माझ्याकडे बघत होती. "भाऊ, ह्या घरात कधी बाटली आली नाही. पण विहारात मीबी पाह्यलं, ते कसे आले होते. तुमी रोजचे संगं होते. तुमी सांगा. तुमी म्हणान तं मी मानीन."

"काका," साधना म्हणाली, "त्यांच्या तोंडाला वास आला होता का?"

भिंतीवर गोविंदाचा फोटो होता, नवा हार घातलेला. मी म्हणालो, "मी जे पाहिलं तेच लिहिलं, वहिनी."

प्रभावतीनं सही केली. साधना उठून आत गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. फाटकाशी प्रभावती म्हणाली, "पोरीचं मनावर घेऊ नका. बापावर लय जीव होता तिचा."

घरी आलो तर कहकशां बॅग भरत होती. आर्णीला आईकडे जाते म्हणाली, थोडे दिवस. किती, ते मी विचारलं नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

प्रमाणपत्र आलं. 'उत्कृष्ट सुरक्षा व्यवस्थापन.' उद्घाटनाच्या दिवशीच ठरलं होतं म्हणे. केबिनमध्ये लावायला खिळा ठोकून दिला रामरावनं. जाताना हातोडी टेबलावर तशीच ठेवून गेला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

राजूरच्या विहारात समितीची नवी पाटी लागली. जुन्या सचिवांच्या यादीत गोविंदाचं नाव घेतलं नाही. सही झालेला कागद गावात कसा पोचला मला माहीत नाही. मी दाखवला नाही.

प्रभावती दीड महिन्यापासून कँटीनमध्ये आहे. मी चहाला जायचं टाळत होतो. आज दहाला गेलो, तेव्हा कोणी नव्हतं. तिनं चहा आणून ठेवला आणि परत गेली नाही. टेबलाची कड पुसत उभी राहिली.

"भाऊ, एक इचारू? रागवू नका."

"विचारा."

"ते काहून पेत होते?"

मी वर बघितलं. तिचे डोळे कोरडे होते. तिनं विचार करून करून ठरवलेला प्रश्न होता.

"वीस वर्षं संगं राह्यली. मले समजलं नाई. पह्यले मी म्हणे, नाई, हे खोटं हाये. पण सगळेच म्हणतात. मग मीच मागचं मागचं आठवत गेली. डोकं दुखते म्हणत, लवकर झोपत. जेवत नव्हते. असन तं असन बाप्पा. पण कायचं दुःख होतं त्यायले? तुमाले तं बोलले असतील."

खिडकीतून टाकी दिसत होती. पाइपच्या तोंडाशी ढग होता, आता उंच, वाऱ्यावर विरून जात होता. तेव्हाच सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. बाहेर कोणी नव्हतं, मला कोणी अडवत नव्हतं. मी तोंड उघडलं.

"टेन्शन होतं, वहिनी," मी म्हणालो. "घरचं काहीतरी. जास्त बोलत नव्हते."

तिचा हात थांबला. "घरचं?"

"हो. असं वाटायचं."

ती हळूहळू समोरच्या बाकावर बसली. "मंग ते माह्यापायीच," ती म्हणाली. "त्यायले साधनाले नागपूरले शिकाले पाठवायचं होतं. मी म्हणे, पोरीले एकटी नाई धाडत. लय भांडली मी. महिनाभर बोलली नाई त्यायच्याशी, ताट नुसतं समोर सरकवून देत होती. त्याच्यानंच लागले असतील. नाई का?"

मी चहाचा घोट घेतला.

"असेल," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. बराच वेळ हलवतच राहिली. मग पदरानं तोंड पुसून उठली. "बरं झालं तुमी सांगतलं, भाऊ. इतके दिवस कोणी खरं सांगतच नव्हतं."

तिला थोडं हलकं वाटलं असावं. मी कप ठेवला आणि युनिटवर गेलो.